देवळालीचा ताप

इंग्लंडमध्ये कुणी भलतंसलतं बरळू लागलं, क्षुल्लक कारणावरून थयथयाट करू लागलं किंवा चष्मा कपाळावर असताना घरभर शोधू लागलं, की घरातली माणसं म्हणतात, हा ‘डूलॅली’ झालाय. शब्द शिवीइतका कडू नाही. म्हातारी आजी स्वतःबद्दलही तो हसत वापरते. ऐकायला तो एखाद्या बडबडगीतातल्या पालुपदासारखा वाटतो आणि वापरणाऱ्या बहुतेकांचा समज तसाच असतो, की कुणीतरी गंमत म्हणून जुळवलेली ही निरर्थक अक्षरं आहेत. प्रत्यक्षात ते एका गावाचं नाव आहे आणि ते गाव आपल्या नाशिकला खेटून आहे. डूलॅली म्हणजे देवळाली. (राहुरीकडची देवळाली प्रवरा नव्हे, तिकडच्या मंडळींनी निर्धास्त राहावं.)

पूर्वी हा शब्द एकटा नव्हता. जुन्या शिपायांच्या तोंडी ‘डूलॅली टॅप’ अशी जोडी होती. ‘त्याला डूलॅली टॅप झालाय’ म्हणजे त्याचं डोकं फिरलंय. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. छावणीतल्या हिंदुस्थानीत ‘तप’ हा ज्वरासाठीचा फारसी शब्द चालत होता, संस्कृत-मराठी ‘ताप’ त्याचाच भाऊबंद. गोऱ्या शिपायानं तो दोहोंपैकी कुणाकडून उचलला हे विचारण्यात अर्थ नाही. जो पाणी भरायचा, जो दाढी करायचा, त्याच्याकडून उचलला असणार. इंग्रजीत ‘टॅप’ म्हणजे टकटक, हलकी टपली. डोक्यात टपली बसून माणूस बिघडला, असा अर्थ इंग्रज कानाला आपोआप लागला आणि परका शब्द परका वाटेनासा झाला. मराठी कानाला मात्र काही समजावून सांगावं लागत नाही. ‘डोक्याला ताप’ आपण रोज म्हणतो.

गावाचं नाव बिघडलं ते दोन टप्प्यांत. ‘ळ’ हे अक्षर इंग्रजाच्या जिभेला झेपणारं नव्हतं, तेव्हा सरकारी कागदावर ‘देओलाली’ झालं. त्यानंतर लंडनच्या किंवा वेल्सच्या गल्लीतून आलेल्या, स्पेलिंगशी फारसं देणंघेणं नसलेल्या पोरांनी त्याचं ‘डूलॅली’ केलं. कागदावरचं नाव रेल्वेच्या पाटीवर राहिलं आणि तोंडातलं नाव साहेबाच्या देशात गेलं.

तर या गावाचा आणि वेडाचा संबंध आला कसा?

१८६१ साली देवळालीला लष्कराची छावणी बसली. जागा विचार करून निवडलेली होती. मुंबई बंदरापासून रेल्वेनं साधारण १८० किलोमीटर, थळ घाट चढून वर आलं की पठार, कोरडी हवा, मुंबईच्या मानानं थंड रात्री. घाटातला रेल्वेमार्ग १८६५ मध्ये सुरू झाला आणि बंदर ते छावणी हा प्रवास गाडीत बसून होऊ लागला. विलायतेहून आलेली नवी कुमक इथे उतरवायची, तिला उन्हाची आणि पाण्याची सवय होऊ द्यायची, मग पलटणींकडे रवाना करायची. उलट दिशेनं, ज्यांची नोकरी भरली त्यांना देशभरातून इथे गोळा करायचं आणि बोट लागली की मुंबईला धाडायचं. फौजेच्या भाषेत अशा शिपायाला ‘टाइम एक्स्पायर्ड’ म्हणत. हल्ली औषधाच्या बाटलीवर वाचतो तेच विशेषण.

आणि बोट लवकर लागत नसे. गोष्टीचं सगळं मर्म इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू.

१८६६-६७ मध्ये ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानातल्या फौजेची ने-आण करण्यासाठी पाच खास जहाजं बांधून घेतली. क्रोकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस अशी त्यांची नावं. त्यातली एक आपली यमुना आणि एक आपलं मलबार, हे लक्षात येईलच. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर ही जहाजं इंग्लंडपासून थेट मुंबईपर्यंत येऊ लागली. पण वर्षभर नाही. तांबड्या समुद्रातल्या उन्हाळ्यात लोखंडी जहाजाच्या पोटात शेकडो माणसं कोंबली तर उष्माघातानं ती मरतात, हे सरकारला अनुभवानं कळलं होतं. त्यात पावसाळ्यातला खवळलेला अरबी समुद्र. त्यामुळे फौजेची वाहतूक साधारणपणे पावसाळा सरल्यानंतर सुरू होई आणि उन्हाळा लागण्याच्या आत संपे. याला ‘ट्रूपिंग सीझन’ असं नाव होतं. किपलिंगनं या परतीच्या शिपायांवर एक कविताच लिहिली आहे.

आता शिपायाच्या बाजूनं बघा. त्याच्या भरतीची तारीख हंगाम बघून ठरलेली नसते. समजा, एखाद्याची नोकरी एप्रिलमध्ये भरली. शेवटची बोट निघून गेलेली आहे. पुढची मिळायला पावसाळा सरावा लागणार. तोवर त्यानं देवळालीला बसून राहायचं. हातात बंदूक नाही, पहारा नाही, नेहमीची पलटण नाही, ओळखीचा सार्जंट नाही. डोक्यावर वैशाखातलं ऊन, पुढे आषाढातला चिखल. खिशात असलेले पैसे पत्ते आणि दारू यांत जाणार. मनानं तो घरी पोचलेला आहे, शरीर नाशिक जिल्ह्यात आहे.

त्यातच १८७० साली युद्धमंत्री कार्डवेल यांनी अल्पमुदतीच्या भरतीचा कायदा आणला. पूर्वी फौजेत शिरलेला माणूस बहुधा आयुष्याची उमेद तिथेच संपवत असे. आता सहा वर्षं प्रत्यक्ष पलटणीत आणि पुढची सहा राखीव दलात, अशी सोय झाली. नंतर सहाची सात झाली. कायदा इंग्लंडच्या गरजेतून आला, पण त्याचा परिणाम असा की दरवर्षी घरी परतणाऱ्यांची संख्या वाढली. म्हणजे देवळालीच्या बराकींत वाट बघणारेही वाढले. हा माझा हिशेब आहे. दर वर्षी शेकडो माणसं एकाच जागी, एकाच कारणानं, एकाच प्रकारे कंटाळून वेडगळ वागत असतील, तर त्या वेडाला त्या जागेचं नाव पडायला किती वेळ लागणार?

या कंटाळ्याचा एक साक्षीदार आपल्याला लाभला आहे. फ्रँक रिचर्ड्स हा वेल्सचा खाणकामगार, रॉयल वेल्श फ्युजिलिअर्समधला साधा शिपाई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होता. पुढे पहिल्या महायुद्धात चार वर्षं लढला, शौर्यपदकं मिळवली, पण बढती कधी घेतली नाही. त्याचं ‘ओल्ड सोल्जर साहिब’ हे हिंदुस्थानातल्या दिवसांचं पुस्तक १९३६ मध्ये आलं. त्यात तो देवळालीबद्दल लिहितो, की पलटणीत वर्षानुवर्षं नीट वागलेली माणसं या छावणीत आली की बिघडायची, भलतेच उद्योग करायची, आणि ‘डूलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग तिथल्या रिकामपणातूनच निघाला असावा. रिचर्ड्स आपलं मत मत म्हणून सांगतो, शपथेवर सांगत नाही. म्हणूनच मला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

कारण दुसरी एक कथा आहे आणि ती जास्त प्रसिद्ध आहे. देवळालीला वेड्या शिपायांचं इस्पितळ होतं, म्हणून वेड्याला डूलॅली म्हणतात, अशी ती कथा. ठाण्याला पाठवा, येरवड्याला पाठवा असं आपण म्हणतो, त्याच धाटणीची. सुटसुटीत आहे, सांगायला सोपी आहे आणि लगेच पटते. पण शब्दांच्या बाबतीत लगेच पटणाऱ्या कथेकडे जरा संशयानंच बघावं. छावणीत इस्पितळ होतं, यात शंका नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून मुंबईत उतरणाऱ्या आजारी आणि जखमी सैनिकांसाठी ते फार मोठं झालं. परंतु मनानं ढासळलेल्या शिपायाला हिंदुस्थानात ठेवण्याकडे सरकारचा कल नव्हता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नेटली इथे मोठं लष्करी रुग्णालय होतं, आणि १८७० साली तिथे वेड्यांसाठी स्वतंत्र इमारत उघडली होती. अशा रुग्णांना बोटीनं तिकडे धाडत. म्हणजे तेही आले परतीच्या त्याच वाटेवर, त्याच हंगामाची वाट बघत. खरोखर वेडे झालेले आणि वाट बघून वेडे व्हायच्या बेतात असलेले, दोघे एकाच छावणीत जमत असतील तर इस्पितळाची कथा कशी जन्मली हेही कळतं. तरी माझा कौल रिचर्ड्सच्या बाजूनं. ‘ताप’ हा शब्दच ते सांगतो. ताप येतो आणि उतरतो. बोट लागली की देवळालीचा तापही उतरायचा.

इथे एक विसंगती नोंदवल्याशिवाय पुढे जाववत नाही. ज्या हवेत गोऱ्या शिपायाचं डोकं फिरायचं, त्याच हवेत मुंबईचे शेठ प्रकृती सुधारायला यायचे. पारशी, भाटिया, जैन समाजांनी देवळालीला एकाहून एक सॅनेटोरियम बांधली. मुंबईचा डॉक्टर हवापालट सुचवायचा आणि कुटुंबच्या कुटुंब बिछाने बांधून देवळालीच्या गाडीत बसायचं. तीच कोरडी हवा, तेच पठार. फरक इतकाच, की शेठजी परतीचं तिकीट खिशात घेऊन येत.

आणि छावणीला लागून भगूर. सावरकरांचा जन्म तिथला, १८८३ सालचा. फ्रँक रिचर्ड्सही १८८३ चाच. ज्यांनी पुढे मराठीतले परके शब्द वेचून काढण्याची मोहीम चालवली, त्यांच्या गावाच्या शिवेवर इंग्रजीत एक मराठी नाव घुसत होतं. भाषाशुद्धीचा असा कुणी कैवारी इंग्रजीला मिळाला असता तर डूलॅलीला पहिल्याच फेरीत नारळ मिळाला असता.

अशा शब्दांचा माग काढायचा तर आधी बघायचा तो हिंदुस्थानात घडलेल्या इंग्रजी बोलीचा मोठा कोश ‘हॉब्सन-जॉब्सन’. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी तो रचला आणि १८८६ मध्ये तो छापून आला. बर्नेल तोवर वारले होते. कोशाचं नावही शिपाईबोलीतलंच आहे. मोहरमच्या मिरवणुकीतला ‘या हसन, या हुसेन’ हा आक्रोश गोऱ्या शिपायांना हॉब्सन-जॉब्सन असा ऐकू आला. ग्रंथ अफाट आहे आणि वाचायला चटकदारही. मुंबई इलाख्यातल्या साहेबांना इतर इलाख्यांतले साहेब ‘डक्स’ म्हणत, हे त्यात नोंदलेलं आहे. ‘बॉम्बे डक’ म्हणजे आपला बोंबील, त्यावरून. बंगालवाल्यांचं टोपणनाव ‘क्वाय-हाय’ होतं, कारण ते पाण्याच्या पेल्यासाठीसुद्धा ‘कोई है’ म्हणून हाक मारत. तरी या कोशाची बैठक साहेबाची आहे. यूल इंजिनिअर अधिकारी, बर्नेल सनदी नोकर. पत्रं, प्रवासवर्णनं, कचेरीचे कागद यांतून त्यांनी शब्द गोळा केले. बराकीतला शिपाई पत्र लिहायचा तेव्हा आईला लिहायचा, आणि आईला लिहिताना माणूस बराकीची भाषा वापरत नाही.

ती भाषा कशी होती याचा अंदाज मागे उरलेल्या शब्दांवरून येतो. पावाला ‘रूटी’, म्हणजे रोटी. आणि दीर्घ सेवेसाठी मिळणाऱ्या पदकाला ‘रूटी गाँग’, कारण इतकी वर्षं सरकारची रोटी खाल्ली एवढंच त्याचं कर्तृत्व. पदकाची इतकी खरी व्याख्या कुठल्याही राजपत्रात सापडणार नाही. बंदुकीला ‘बंडूक’, घाई करायची तर ‘जिल्डी’, फुकटात मिळालं ते ‘बक्शी’, चहा तो ‘चार’, डोकं फिरलेला तो ‘पगल्ड’. बघायचं असेल तर ‘डेको’ टाकायचा. यांतल्या काहींवर जिप्सींच्या रोमानी भाषेचाही दावा आहे, आणि तो दावा मान्य केला तरी शब्द हिंदुस्थानाबाहेर जात नाही, कारण रोमानीचं मूळ इथलंच. मित्राला इंग्रज ‘पॅल’ म्हणतो, तो रोमानीतला ‘फ्राल’, म्हणजे आपला भ्राता.

सगळ्यांत लांब मजल मारली ती ‘ब्लायटी’नं. विलायतचा उच्चार उत्तरेकडे ‘बिलायत’, त्यावरून बिलायती, आणि शिपायाच्या तोंडी ब्लायटी. पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्सच्या खंदकांत ब्लायटी म्हणजे मायदेश झाला. जिवावर न बेतता घरी पाठवणी होईल अशी जखम झाली की तिला ‘ब्लायटी’ म्हणत आणि सोबती हेव्यानं बघत. आपल्याकडे विलायत म्हणजे दूरचा, मोठ्या लोकांचा देश. त्यांनी तोच शब्द आईच्या घरासाठी घेतला. हिंदुस्थानी माणसाच्या नजरेतून पाहिलेल्या आपल्या देशाच्या नावानं इंग्रज शिपाई आपल्या देशासाठी झुरत होता.

महायुद्धामुळेच हे सारे शब्द बराकीबाहेर पडले. १९१४ पर्यंत ब्रिटिश फौज लहान, आणि तिच्याशी सभ्य इंग्लंडचा संबंध तुटपुंजा. शिपाई म्हणजे दारुडा, असा सर्वसाधारण समज. युद्ध पेटलं आणि कारकून, शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी असे लाखो लोक त्याच फौजेत भरती झाले. त्यांना कवायत शिकवायला कोण होतं? मेरठ, रावळपिंडी, पुणे, देवळाली पाहून आलेले जुने सार्जंट. कवायतीबरोबर भाषाही शिकवली गेली. आणि नव्या शिपायांमध्ये लिहिणारे होते. १९२५ मध्ये एडवर्ड फ्रेझर आणि जॉन गिबन्स यांनी सैनिक आणि खलाशी यांच्या शब्दांचा कोश छापला, त्यात डूलॅली टॅप सापडतो. बोलीतला शब्द कोशात यायला किती उशीर लागतो पाहा. छावणी बसून चौसष्ट वर्षं झाली होती. पुढे एरिक पार्ट्रिज या कोशकारानं इंग्रजी बोलीचा मोठा कोश १९३७ मध्ये काढला. तोही महायुद्धातला शिपाईच.

मग ‘टॅप’ गळून पडला. ताप म्हणजे काय हे इंग्लंडमध्ये कुणाला ठाऊक असणार? उरलं ते नुसतं डूलॅली. ज्याला देवळाली माहीत नाही आणि तापही माहीत नाही, अशा माणसाच्या तोंडी गेल्यावर शब्दाची धार गेली. रिचर्ड्सच्या काळी त्या दोन शब्दांत दारू, मारामारी, गुप्तरोग, लष्करी तुरुंग हे सगळं होतं. आता आजीचा विसराळूपणा उरला आहे.

दुसऱ्या महायुद्धात छावणी पुन्हा गजबजली. जर्मन नागरिकांना हिंदुस्थानात नजरकैदेत ठेवलं गेलं, त्यातले बरेच काही काळ देवळालीला होते. पुढे तिबेटमुळे प्रसिद्ध झालेला गिर्यारोहक हाइनरिश हारर अहमदनगरहून देवळालीला आणि तिथून डेहराडूनला हलवला गेला. डेहराडूनहून तो पळाला. त्याच सुमारास तोफखान्याच्या देवळालीतल्या तळावर जिमी पेरी नावाचा तरुण शिपाई नाटकं आणि गाणी बसवत होता. त्यानं पुढे डेव्हिड क्रॉफ्टबरोबर बीबीसीसाठी ‘इट एन्ट हाफ हॉट, मम’ ही विनोदी मालिका लिहिली. १९७४ ते १९८१, छप्पन्न भाग. सुरुवातीच्या भागांची कथा देवळालीच्या छावणीतच घडते. त्यात मायकेल बेट्स हा गोरा नट चेहरा रंगवून रंगी राम नावाचा हिंदुस्थानी बेअरर झाला होता. बेट्सचा जन्म झाशीचा, त्याला हिंदुस्थानी बोलता यायची. पण एवढ्यानं रंगाचा प्रश्न सुटत नाही, आणि बीबीसी ती मालिका आता पुन्हा दाखवत नाही. योग्यच केलं असं मला वाटतं, जरी पेरीला आपण पाहिलेलं तेच दाखवलं असं शेवटपर्यंत वाटत राहिलं.

अलीकडे शब्द परत आला आहे. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या एका ताज्या बिअरच्या कारखान्यानं स्वतःला ‘डूलॅली’ हे नाव दिलं आणि मुंबईतल्या आपल्या गुत्त्यांना ‘टॅपरूम’ म्हटलं. नाव ठेवणाऱ्यानं जुना कोश नीट वाचलेला दिसतो. टॅप म्हणजे ताप, टॅप म्हणजे टपली आणि टॅप म्हणजे बिअरची तोटी. फ्रँक रिचर्ड्सला हे फार आवडलं असतं.

देवळालीत आता भारतीय सैन्याचं तोफखाना विद्यालय आहे आणि छावणीचा बाजार जोरात आहे. पण या हकिगतीची अर्धी बाजू अजून कोरी राहिली आहे. इंग्रजांनी आपल्याकडून काय उचललं याचे कोश झाले. आपण त्यांच्याकडून काय उचललं, त्याचं काय? मराठीत गोरा शिपाई ‘सोजीर’ झाला, रिक्रूट ‘रंगरूट’ झाला, ऑर्डर्ली ‘अर्दली’ झाला. रात्रीच्या पहारेकऱ्याचं ‘हू कम्स देअर’ हे ‘हुकुमदार’ झालं. एवढे शब्द पुस्तकांत सापडतात. पण देवळाली, खडकी, पुणे कॅम्प, अहमदनगर, कामठी इथल्या ज्या धोब्यांनी, भिश्त्यांनी, न्हाव्यांनी, खानसाम्यांनी दोन-तीन पिढ्या टॉमीला, म्हणजे गोऱ्या शिपायाला, सांभाळलं, ते त्याला पाठीमागे काय म्हणत होते? वेड्या टॉमीसाठी त्यांचा शब्द कोणता होता? वाचकांपैकी कुणाच्या घरी छावणीत चाकरी केलेल्या आजोबा-पणजोबांचे असे शब्द अजून बोलण्यात असतील, तर ते वहीत उतरवून ठेवा आणि कुणाकडून ऐकले तेही शेजारी लिहा.